चारच्या आत घरी

आमच्या लोकांत मुहूर्त नसतो. छप्पन्न साली आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच घरातलं पंचांग बाहेर गेलं. तरी आमच्या लग्नपत्रिका उघडून बघा, 'दुपारी ठीक १२ वाजून ३५ मिनिटांनी' असं छापलेलं असतं. हे पस्तीस कुठून येतात ते ना छापणाऱ्याला ठाऊक, ना छापून घेणाऱ्याला. आणि बारा पस्तीसचं लग्न अडीचच्या आत लागलं तर पाहुणे एकमेकांकडे संशयानं बघतात.

मी बिबवेवाडीत पार्लर चालवते. नवरी वेळेत तयार करून देणं हे माझं काम, आणि ते मी चोख करते. त्यानंतर ती तयार नवरी खोलीत बसून घामानं ओघळताना बघायची, हेही माझ्याच वाट्याला येतं. नवरदेव दारात नाचत असतो, फोटोवाल्याची बॅटरी चार्ज होत असते आणि कुणीतरी मोठा माणूस 'निघालाय' असा दर वीस मिनिटांनी निरोप येतो. त्यामुळे वेळ या विषयावर माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. सुखदेव ओव्हाळांबद्दल मी जे सांगणार आहे, त्यात कौतुक जरा जास्त झालं तर त्याचं कारण हे.

ओव्हाळभाऊ आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आमच्यात लग्न लावायला भटजी नसतो. वंदना घेणारा, नवरा-नवरीकडून प्रतिज्ञा वदवून घेणारा बौद्धाचार्य असतो. ओव्हाळभाऊ तेच काम गेली कित्येक वर्षं करत आलेत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खांद्याला कापडी पिशवी आणि बरोबर चंपावहिनी. ते वंदना सांगायचे आणि वहिनी गाथा म्हणायच्या. वहिनींचा आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला कळायचं नाही. आणि बोलणं फटकळ. एका लग्नात नवरदेवाचा मामा गाथा चालू असताना फोनवर बोलत होता, तर वहिनी त्याच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "आपलं झालं की सांगा, आम्ही थांबतो."

निवृत्तीनंतर ओव्हाळभाऊंचा वेळ म्हणजे चौकातला सार्वजनिक नळ झाला. येईल त्यानं बादली लावायची. कुणाचा जातीच्या दाखल्याचा अर्ज, कुणाच्या पेन्शनचं अडलेलं घोडं, सोसायटीचं सेक्रेटरीपद, विहाराची बैठक, कुणाच्या मुलाला कॉलेजात सोबत. "भाऊ, तुम्हाला काय, वेळच वेळ आहे," असं म्हणून लोक काम पुढे सरकवायचे आणि भाऊ हसून ते घ्यायचे. वहिनी आतून म्हणायच्या, "दारावर खिडकी नंबर लिहून टाका एकदाचा." पण त्यांनाही ते आवडत होतं. नवरा चार लोकांच्या उपयोगी पडतो याचा त्यांना अभिमान होता.

मग दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात हळूहळू हलायला लागला, धरून चालताही येऊ लागलं. वाचा मात्र गेली. डोक्यात सगळं जागेवर होतं, डोळ्यांवरून कळायचं. पण तोंडातून शब्द येईना. एवढ्या बोलक्या बाईचं असं व्हावं याचा मला आजही राग येतो, कुणावर ते माहीत नाही.

वाचा शिकवायला एक तरुण डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "पहिल्या वर्षात जेवढं येईल तेवढं येईल. नंतरही येतं, पण कष्टानं. रोज एक तास, त्या ताज्या असताना. एक दिवस चुकला की दोन दिवस मागे जाल." सकाळी गोळ्यांची गुंगी असायची, व्यायामानं दम लागायचा. जेवून झोप काढली की चारच्या सुमाराला वहिनी टवटवीत उठायच्या. संध्याकाळी पुन्हा थकून चिडचिड. म्हणजे अख्ख्या दिवसात कामाचा तास तो एकच, चारचा. त्यात भर म्हणजे वहिनींना दुसऱ्या कुणासमोर प्रयत्न करायची लाज वाटायची. मी समोर बसले की ओठ गच्च मिटायच्या. मुलगी नम्रता, हडपसरच्या एका आयटी कंपनीत आहे, तिच्यासमोरही तेच. तोंड उघडायच्या त्या फक्त भाऊंसमोर.

पहिले काही महिने भाऊंना ते जमलं नाही. नळ चालूच होता. त्यातच लग्नसराई आली. एका रविवारी ते धायरीला लग्न लावायला गेले. साडेबाराचं लग्न सव्वातीनला लागलं. इकडे वहिनींच्या सोबतीला मी होते. चारला त्या उठल्या, साडी सारखी करून घेतली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. समोरच्या टेबलावर कप, साखरेचा डबा, चमचा असं सगळं मांडलेलं. त्या वस्तू ओळखून नाव घ्यायचं हाच त्यांचा अभ्यास. पाच वाजले, सहा वाजायला आले. त्यांनी डाव्या हातानं कप उपडा घातला आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या. भाऊ आले तेव्हा हार अजून गळ्यात होता. त्यांनी उपडा कप पाहिला. वहिनींना उठवलं नाही. नुसते खुर्चीत बसून राहिले. मी पाय काढता घेतला.

दुसऱ्या दिवसापासून माणूस बदलला. म्हणजे स्वभाव तोच, मऊ. पण वेळ त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. एकेक काम समोर धरायचं आणि स्वतःलाच विचारायचं, हे मी नाही केलं तर दुसरं कोण करू शकेल? कुणीही करू शकत असेल तर ते काम त्याला देऊन टाकायचं. सेक्रेटरीपद पोपट गायकवाडांकडे गेलं. तेव्हापासून आमचा पाण्याचा टँकर उशिरा येतो, पण येतो. अर्ज लिहून हवे असणाऱ्यांना रविवारी सकाळी विहारात यायला सांगितलं. तिथं चार पोरांना हाताशी घेऊन अर्ज लिहायला शिकवलं. तळजाईवरचं सकाळचं फिरणं ठेवलं आणि त्यानंतर मित्रांबरोबर रंगणारा चहा सोडला. सगळ्यांत जड ते गेलं असावं, कारण तेवढंच त्यांचं स्वतःचं सुख होतं. चार वाजता फोन बंद करून पोह्यांच्या डब्यावर ठेवायचा आणि दार ओढून घ्यायचं. पुण्यात राहूनही त्यांनी दारावर पाटी लावली नाही. प्रत्येकाला तोंडानं, शांतपणे सांगितलं. पाटी लावणं सोपं असतं, तोंडावर नाही म्हणायला छाती लागते.

लोकांना ते पचलं नाही. "ओव्हाळ फार शिष्ट झालेत," इथपासून "बायकोच्या नावाखाली मिजास" इथपर्यंत मी पार्लरमध्ये ऐकलं. हे म्हणणाऱ्या बाईच्या भुवया त्या दिवशी मी जरा बारीक केल्या.

प्रश्न राहिला लग्नांचा. लग्नं त्यांना सोडायची नव्हती. वहिनींनाही ती सोडायला नको होती. पांढरे कपडे इस्त्रीला काढले की त्यांचा चेहरा खुलायचा. मग भाऊंनी नियम केला. पत्रिकेवर छापलेली वेळ तीच माझी वेळ. चारच्या आत मी घरी. आणि कुणाचं लग्न अडू नये म्हणून सहकारी बापूरावांना दर वेळी बरोबर न्यायचं. पहिल्याच लग्नात तासभर उशीर झाला तेव्हा भाऊ उठले, नवरीच्या वडिलांना हात जोडून म्हणाले, "पुढचं बापूराव बघतील. मुलांना माझे आशीर्वाद सांगा." आणि पिशवी खांद्याला लावून निघाले. सभागृहात कुजबुज झाली. पण त्या दिवशी चारला कप सुलटा होता.

आता माझ्या घरची गोष्ट. माझा थोरला भाऊ हिंमतराव आमच्याच गल्लीत राहतो. त्याची मुलगी शेफाली चंपावहिनींच्या मांडीवर वाढली. तिचं नामकरणही ओव्हाळभाऊंनीच केलं होतं. गेल्या वैशाखात तिचं लग्न हडपसरच्या सूरजशी ठरलं. लग्न ओव्हाळकाकांनीच लावायचं, बापूरावांनी नाही, असा तिचा हट्ट. भाऊंनाही तेच हवं होतं. दादाला मात्र आणखी एक गोष्ट हवी होती. येत्या निवडणुकीत तिकीट मिळेल अशी त्याला आशा होती आणि ज्यांच्या हातात ते तिकीट होतं ते साहेब लग्नाला यायचे होते.

पत्रिकेचा नमुना घेऊन दादा भाऊंकडे गेला तेव्हा मी तिथंच होते. भाऊंनी चष्मा लावून वाचलं.

"हिंमतराव, हे पस्तीस कुठून आलं?"

"नुसतं साडेबारा छापलं की लोक दोनला येतात भाऊ. पस्तीस छापलं की वाटतं, काहीतरी नक्की आहे."

"नक्की आहे ना?"

"नक्की म्हणजे काय, पक्कं."

"मग मी पस्तीसला सुरू करतो."

दादा हसला. त्याला वाटलं, भाऊ गंमत करतायत. मी त्याला जिन्यात म्हटलं, "दादा, ते गंमत करत नाहीत." त्यावर तो म्हणाला, "अगं, साहेबांसाठी कोण थांबत नाही?" मी दोघांनाही ओळखत होते, म्हणून त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. भाऊ उठून गेले तर शेफालीचं मन मोडणार आणि थांबले तर वहिनींचा तास जाणार. तेव्हा वहिनी दोन-तीन शब्दांपर्यंत आल्या होत्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पहिलं वर्ष सरून गेलं होतं, आता येईल ते कष्टानंच येणार होतं.

लग्नाच्या दिवशी बारा वाजता मी शेफालीला तयार करून खोलीत बसवलं. पांढरी साडी, मोगऱ्याचा गजरा, एक पिनही वाकडी नाही. बाहेर सभागृह अर्धं भरलेलं. नवरदेवाची मिरवणूक फाटकाबाहेर अडकली होती, म्हणजे अडकवून ठेवली होती. डीजेच्या भिंती लावल्या होत्या आणि सूरजचे मित्र रस्त्यावर लोळण घेत नाचत होते. ओव्हाळभाऊ एकदा फाटकापर्यंत जाऊन आले. सूरजच्या चुलत्यांनी त्यांना सांगितलं, "येतोय की आचार्य, टाईम हाय अजून. पोरं हौस करत्यात." दादाही कानाला फोन लावून फिरत होता. "साहेब स्वारगेटला आलेत, जरा दमानं घ्या," असं त्यानं तीनदा सांगितलं. मला वाटतं साहेब तेव्हा घरी आंघोळ करत असावेत.

पस्तीस झाले. भाऊंनी मंचावरच्या मेणबत्त्या लावल्या, प्रतिमांना फुलं वाहिली आणि माईक हातात घेतला. दादा धावत मंचापाशी गेला. "अहो भाऊ, नवरदेव कुठाय?"

"वंदना सुरू करायला नवरदेव लागत नाही," भाऊ म्हणाले. "लग्न लावायला लागतो. तो येईल." आणि मग माईकवर, नेहमीच्याच आवाजात, "सर्वांनी कृपया उभं राहावं. त्रिसरण, पंचशील."

आमच्या माणसांना कुणी काही म्हणो, पण वंदना सुरू झाली की आमच्यातला दारुडासुद्धा हात जोडतो. लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं ते. सभागृहातली माणसं खुर्च्या सरकवून उभी राहिली. कार्यालयाचे दोन कर्णे रस्त्याकडे तोंड करून लावलेले होते. भाऊंचा आवाज डीजेतून वाट काढत बाहेर गेला आणि काही क्षणांत डीजे बंद झाला. नाचणारी पोरं होती तिथंच उभी राहिली, घामाघूम, हात जोडून. आणि सूरज, बिचारा मघापासून उघड्या गाडीत उन्हात बसून कंटाळला होता, तो उडी मारून उतरला आणि बूट हातात घेऊन पळत सुटला.

इकडे खोलीच्या दारात दादा मला हातानं खुणावत होता, नवरीला आणू नकोस, थांब. मी त्याच्याकडे पाहिलं, शेफालीकडे पाहिलं. आयुष्यभर नवऱ्या वेळेवर तयार केल्या मी, पण वेळेवर मंचावर नेली ती ही एकच. मी तिचा हात धरला आणि चालायला लागले. वंदना संपायला आणि दोघं मंचावर पोचायला एकच गाठ पडली.

लग्न सुरेख लागलं. प्रतिज्ञा भाऊंनी सावकाश वदवून घेतल्या, एकही शब्द गिळला नाही. घाई त्यांनी कशाचीच केली नाही. गाथा त्यांनी एकट्यानं म्हटल्या. वहिनींची ओळ आली की क्षणभर थांबायचे आणि मग पुढे जायचे. माझ्या डोळ्यांतलं काजळ पसरलं, ते मी घामावर ढकललं. फुलं पडली, लोक जेवायला गेले. भाऊ दोन घास खाऊन, शेफालीच्या डोक्यावर हात ठेवून निघाले. साहेब त्यानंतर बऱ्याच वेळानं आले. "लग्न लागलंसुद्धा?" असं त्यांनी आश्चर्यानं विचारलं आणि आइस्क्रीम खाणाऱ्या लोकांसमोर त्यांचं भाषण झालं. नवरा-नवरी त्यांच्यासोबत फोटोसाठी उभीच. दादाचा चेहरा पडला होता. "हा माणूस उभ्या गावात माझं हसं करून गेला," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "घरी गेल्यावर बघतोच."

पाठवणी बिबवेवाडीच्या घरून होती. गल्लीत गाडी थांबली तेव्हा चार वाजून गेले होते. शेफाली म्हणाली, "आधी चंपाकाकू." ती सूरजला घेऊन जिना चढली. दादा मागोमाग, रागानं पाय आपटत. काही बोलून बसेल म्हणून त्याच्यामागे मी. एरवी चारला बंद असलेलं ते दार मीच वाजवलं.

भाऊंनी दार उघडलं. अजून तेच पांढरे कपडे. त्यांनी आम्हाला पाहिलं, मागे वळून वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी शेफालीला पाहिलं होतं. "या," भाऊ हलक्या आवाजात म्हणाले. "बसा. फक्त एक करा, तिला शब्द सुचवू नका."

शेफाली वहिनींच्या खुर्चीजवळ खाली बसली. वहिनींनी तिच्या साडीचा काठ चाचपला, गजरा पाहिला, गालाला हात लावला. मग त्यांचे ओठ हलले. मी मनात म्हटलं, आता मिटतील. आमच्यासमोर त्यांनी कधी तोंड उघडलंच नव्हतं. पण ओठ मिटले नाहीत. "जे," एवढं आलं आणि अडलं. कपाळावर घाम आला. दादाला राहवेना, तो काहीतरी बोलायला पुढे झुकला. भाऊंनी त्याच्याकडे न बघता तळहात वर केला.

आम्ही थांबलो. खाली गाड्या उभ्या होत्या, हॉर्न वाजत होते. दादाच्या खिशातला फोन वाजला, पुन्हा वाजला. भाऊंकडे मी बघत होते. दुपारी साहेबांसाठी एक मिनिट न थांबलेला हा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून असा बसला होता की जणू त्याला आज दुसरं काही कामच नाही. तेव्हा मला समजलं, दिवसभर हा माणूस एकेक मिनिट राखतो ते इथं असं मोकळ्या हातानं उधळण्यासाठी. दादानंही ते पाहिलं असावं. त्यानं खिशात हात घालून फोन बंद केला आणि सावकाश खाली जमिनीवर बसला.

"जेव," वहिनी म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. मग दम घेऊन, पूर्ण, "जेवलीस का?"

शेफालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सकाळपासून तिच्याभोवती एवढी माणसं होती. तिच्या साडीबद्दल, पाहुण्यांबद्दल, साहेबांच्या फोटोबद्दल सगळे बोलले होते. हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, तिच्या बापानंही नाही. तिनं मान हलवली, नाही.

भाऊ स्वयंपाकघरात गेले. वरणभात गरम केला, ताटात लिंबाची फोड ठेवली. सूरजलाही वाढलं. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली, "हिंमतराव, चला लवकर, उशीर होतोय."

दादा उठून खिडकीशी गेला. मला वाटलं, आता हा घाई करणार. तो बाहेर डोकावून म्हणाला, "थांबा सगळे. पोरगी जेवतेय."

हॉर्न बंद झाले. दादा परत येऊन भाऊंच्या शेजारी बसला. भांडण काढायला आलो होतो हे तो विसरला असावा. चंपावहिनींनी डाव्या हातानं लोणच्याची वाटी शेफालीकडे सरकवली आणि त्या पुढचा शब्द शोधायला लागल्या. आम्ही थांबलो.